बारा वाजेपर्यंतची मोटर

हिम्मतरावांनी अडतीस वर्षं रेल्वेची डिझेल इंजिनं दुरुस्त केली होती, आणि ही गोष्ट ते समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकत. त्यामुळे तारनाक्याच्या त्यांच्या कॉलनीने मागच्या तलावातली जलपर्णी काढायला एक जुनी बोट आणि तिच्या मागे लावायची पेट्रोलची मोटर घेतली, तेव्हा मोटर कोणाच्या ताब्यात द्यायची हा प्रश्नच आला नाही. "इंजिन म्हणजे इंजिन," ते मीटिंगमध्ये म्हणाले होते. "हे तर खेळणं आहे हो!"

त्या खेळण्याने आज सातव्या दिवशीही त्यांच्या तोंडाला फेस आणला होता. दुकानात एका हिसक्यात सुरू झालेली ही बया तलावावर आल्यापासून एकदा म्हणून खोकली नव्हती. आठ दिवसांत परत घेईन असं दुकानदाराने कबूल केलं होतं, आणि कमिटीने काल ठरवून टाकलं की परतच करायची. बारा वाजता टेम्पो येणार होता. आता अकरा वाजले होते.

कमिटी गेली खड्ड्यात! हिम्मतरावांचा जीव अडकला होता तो बोटीत पुढच्या फळीवर बसलेल्या भामाबाईंमध्ये. गोदाकाठी वाढलेल्या या बायकोला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी छाती फुगवून शब्द दिला होता, "तुला नावेत बसवीन, आणि नाव मी स्वतः चालवीन." पुढे रविवारी ड्यूटी, दिवाळीला ड्यूटी, पोरगी झाली त्या दिवशीही ड्यूटी. तिकीट काढून दुसऱ्याच्या बोटीत बसायला भामाबाई काही केल्या तयार नव्हत्या. शब्द तो शब्द. गेला आठवडाभर त्या रोज सकाळी डबा घेऊन येत, बांधलेल्या बोटीत बसत आणि दुपारी उतरून घरी जात.

"होतंय का?" त्यांनी नवव्यांदा विचारलं.

"होतंय, होतंय."

कसलं होतंय, डोंबल! पेट्रोल होतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. नळीतला रबरी फुगा दाबून दाबून टणक झाला होता. चोक ओढून झाला, प्लग पुसून झाला, नवा लावून झाला. ठिणगीच पडत नव्हती. आणि डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे अडतीस वर्षांचं शहाणपण इथे येऊन थांबत होतं. मोटरवर एक लाल बटण होतं, त्याच्याखाली नखभर फट. ती वारा खेळायला ठेवली असणार, असं हिम्मतरावांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. सोबत आलेलं पुस्तक प्लास्टिकसकट कपाटात पडलं होतं. पुस्तक बघून काम करणारा त्यांच्या लेखी मिस्त्रीच नव्हता.

"साब, ये इंजन हौला है, एकदम पागल," काठावरून वॉचमन यादगिरी म्हणाला. "वापस कर देओ."

"तू चूप बैठ रे!" हिम्मतराव कडाडले आणि दोरीला असा हिसका दिला की खांद्यातून कळ गेली. मोटर ढिम्म.

साडेअकरा झाले. घामाने निथळत ते मटकन फळीवर बसले.

"कॉइल गेली असणार. माझ्याच्याने नाही होत, भामा." हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं, आणि ते म्हणताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू द्या हो. दोन घास खा आधी," भामाबाईंनी डबा पुढे ओढला. झाकण सैल झालं होतं, म्हणून त्यावर स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची लाल दोरी गुंडाळलेली. त्यांनी ती सोडली, तशी तिच्या टोकाची प्लास्टिकची चिमटी खटकन फळीवर आपटली.

डब्याकडे निघालेला हिम्मतरावांचा हात तिथेच थांबला. चिमटी अगदी नखाएवढीच जाड होती.

"ही दोरी कुठली?"

"या भवानीचीच. आली त्या दिवशी मी पूजा नाही का केली तिची? कुंकू लावताना मध्ये मध्ये लोंबत होती, म्हणून काढून ठेवली. इतकी चांगली दोरी, उगाच तेलकट झाली असती. डब्याला कशी मापात बसली बघा!"

"सात दिवस! अगं, सात दिवस तू..."

"तुमच्या डोळ्यांदेखत रोज सोडत होते की! बघायला कोणी नको म्हटलं होतं होय?"

हिम्मतरावांनी दोरी तिच्या हातातून ओढून घेतली. त्यांनी चिमटी लाल बटणाखाली सरकवली. टक्! दोरीच्या दुसऱ्या टोकाला मनगटात घालायचा फास होता, आणि तो दिसताच त्यांनी कपाळावर हात मारला. रेल्वेच्या इंजिनात ड्रायव्हरने मिनिटभर काहीच हाताळलं नाही तर घंटा वाजते, तरी बटण दाबलं नाही तर गाडी आपोआप थांबते. माणूस जागेवर आहे ना, एवढंच इंजिनाला कळायला हवं असतं. ही दोरीही तेच विचारत होती. चालवणारा पाण्यात पडला की चिमटी निघणार आणि मोटर बंद होणार.

"आणा इकडे हात," भामाबाईंनी फास त्यांच्या मनगटात घालून घट्ट केला.

पहिल्या हिसक्याला मोटर खोकली. दुसऱ्याला गरजली! यादगिरीने बोटीचा दोर सोडून काठावरून शिट्टी मारली, आणि तेवढ्यात फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

"उसको बोल, साब नहीं हैं!" हिम्मतराव ओरडले आणि बोट सुटली.

तलावाच्या मध्यावर वारा लागला. भामाबाईंनी पाण्यात हात सोडला होता आणि त्या स्वतःशीच कसलंसं गाणं गुणगुणत होत्या. हे गाणं हिम्मतरावांनी घरात कधी ऐकलं नव्हतं. पलीकडे बदकं दिसली, ती दाखवायला ते उत्साहाने उठून पुढे निघाले. चिमटी निघाली. मोटर बंद.

"जागा सोडली की बंद!" भामाबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. "अहो, असली दोरी मला लग्नातच का नाही दिली कोणी?"

हिम्मतरावही हसले, पण हसू अर्ध्यात अडकलं. "चुकलंच माझं," ते म्हणाले.

भामाबाईंनी सरकून फळीवर जागा केली. काठावर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. हिम्मतरावांनी मनगटातला फास तसाच ठेवला, चिमटी बायकोच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी बसून डबा मांडीवर घेतला. मोटर सुरू करायची घाई कोणालाच नव्हती.