मंजुरीचं बटण

आमच्या वरिष्ठांना सगळे पाठीमागे चालेलसाहेब म्हणतात. काहीही दाखवा, उत्तर एकच, "चालेल." त्या दिवशी मात्र कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधी त्यातल्या चुका पकडणारं सॉफ्टवेअर, त्यांचं ऐकेना.

आम्ही तपासणी प्रयोगशाळांसाठी प्रोग्रॅम लिहितो. त्यात नमुन्यांच्या जेनेरिक याद्या आहेत. रक्ताची वेगळी, लघवीची वेगळी. कुठल्या यादीत काय जाणार ते आधीच लिहून ठरवलेलं, तोच तिचा टाइप. साहेबांनी एका फंक्शनमध्ये वाइल्डकार्डवाली यादी घेतली, म्हणजे 'कुठल्यातरी एका प्रकारच्या नमुन्यांची', आणि तिच्यात रक्ताचा नमुना भरायला गेले. कंपायलरने लाल रेघ ओढली. बरोबरच केलं. यादी कशाची तेच ठाऊक नसेल तर तिच्यातलं वाचावं, भरायला जाऊ नये.

साहेबांनी यादीचा टाइपच उडवला आणि कंपायलरचे इशारे बंद केले. रेघ गेली. पण आमच्याकडे दुसऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय बदल पुढे जात नाही, आणि ती मंजुरी माझ्याकडे आली. मला नोकरीत कायम करण्याचं पत्र त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडलं होतं. त्या पत्रासाठी मी सहा महिने मान मोडून काम केलं होतं.

मी त्यांच्यासमोरच प्रोग्रॅम चालवला. रक्ताच्या यादीत लघवीचा नमुना टाकला. त्याने तो मुकाट गिळला आणि अहवाल काढायच्या वेळी कोसळला.

"असा नमुना टाकणार कोण?" साहेब म्हणाले.

"सकाळी रांग दारापर्यंत गेली की कोणीही टाकेल."

"चार वाजता ग्राहक येतोय. दाब ते बटण."

"दोन दिवस द्या, सगळे टाइप नीट लिहून देते."

"दोन दिवसांत तुझं पत्रही परत जाईल."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? आईला तर सकाळीच नोकरी पक्की झाल्याचं सांगून बसले होते. पण नोकरीसाठी डोळ्यांवर कातडं ओढायचं, याचा संताप भीतीहून मोठा होता.

"अगं, कोणाला कळणार आहे?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"मला कळलंय ना, साहेब."

मी नामंजूर दाबलं. त्यांनी माझ्यादेखत पत्र उचललं, दोनदा फाडलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. पण आज सहापर्यंत मी कामावर आहे," म्हटलं, आणि पहिल्या यादीचा टाइप लिहायला घेतला.