शंभर टक्के

भगवंतराव मास्तरांना आधी संध्याकाळ दिसेनाशी झाली. १९८८ सालची गोष्ट. आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगूच्या बाजारातून ते गावाकडे परतत होते. वाट रोजच्या पायाखालची होती, तरी ते बांधावरून थेट कपाशीत कोसळले. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, रेणुकाबाईंना, पाय मुरगळल्याचं सांगितलं. महिन्याभरात असा तीन वेळा पाय मुरगळला, तेव्हा रेणुकाबाईंनी काही न विचारता पिशवी भरली आणि दोघं नागपूरला गेले. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड पाडून बराच वेळ पाहिलं. आतला पडदा वाळत चालला आहे, औषध नाही, ऑपरेशनही नाही, असं सांगितलं. नजर किती दिवस राहील, असं मास्तरांनी विचारलं. पाच-सहा वर्षं, डॉक्टर म्हणाले.

मास्तर तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. गावच्या मराठी शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. परतीच्या बसमध्ये त्यांनी रेणुकाबाईंना एवढंच सांगितलं, की हे कोणाला कळता कामा नये. कळलं की नोकरी जाणार. रेणुकाबाई खिडकीबाहेर बघत हो म्हणाल्या.

त्यानंतर पुढची पाच वर्षं त्या दोघांनी जे केलं, त्याला मेहनतच म्हणावं लागेल. चौथीची सगळी पुस्तकं मास्तरांनी पाठ केली, पान कुठे उलटायचं त्यासकट. फाटकापासून वर्गाच्या दारापर्यंत बावन्न पावलं, दारापासून फळ्यापर्यंत नऊ. मुलांच्या वह्या घरी यायच्या. रेणुकाबाई सातवी शिकलेल्या होत्या. त्या वह्या तपासायच्या आणि खाली मास्तरांसारखी सही करायच्या. अधूनमधून हैदराबादचे डॉक्टर झाले, नांदेडकडचे एक वैद्य झाले. गाठीला होतं ते त्यात गेलं. मास्तरांच्या नजरेत आधी समोरचं खिडकीएवढं उरलं, मग नाण्याएवढं, आणि १९९२ च्या उन्हाळ्यात तेही पुसलं गेलं.

पुढच्याच वर्षी जूनमध्ये चौथीची पुस्तकं बदलली.

नव्या पुस्तकांचा गठ्ठा शाळेत आला, तेव्हा मास्तरांनी त्यातलं एक हातात घेऊन नुसता कोऱ्या कागदाचा वास घेतला. पाठ केलेलं सगळं एका दिवसात वाया गेलं होतं. मग रेणुकाबाई रोज पहाटे भाकरी टाकता टाकता एक धडा मोठ्यानं वाचू लागल्या, आणि मास्तर तो डोक्यात घोळवत शाळेत जाऊ लागले. जुनी पुस्तकं त्यांना पाचपाच महिन्यांत पाठ झाली होती. इथे रोज सकाळी एक धडा उरकायचा होता.

श्रावणातल्या एका सकाळी ते विहिरीचा एक धडा शिकवत होते. गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली आणि शेवट केला. वर्ग गप्प होता. नेहमीसारखा नव्हे, काहीतरी अडल्यासारखा. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुर्जी, मधलं एक पान राह्यलं."

रेणुकाबाईंच्या हातून पहाटे दोन पानं एकदम उलटली होती. मास्तरांनी टेबलाची कड धरली. ते मुलीला म्हणाले, "वाच." तिनं वाचलं. त्या पानावर विहिरीत पडलेल्या माणसाला बाहेर कसं काढलं ते होतं. मास्तरांच्या गोष्टीत तो माणूस बाहेर आलाच नव्हता. तो बुडाला, असं समजून त्यांनी मुलांना तात्पर्यसुद्धा सांगितलं होतं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. रेणुकाबाईंना वाटलं, आपल्या चुकीचा राग आला. पण मास्तर म्हणाले, की एक्केचाळीस पोरं समोर बसतात आणि आपण त्यांना अर्धवट शिकवतो आहोत. आजचं पान कळलं म्हणून कळलं, याआधी किती राहिली असतील कोण जाणे. नोकरी टिकवायची म्हणून डोळे लपवले इथपर्यंत ठीक होतं. त्याचा भुर्दंड पोरांनी भरावा, हे त्यांच्या मनाला पटेना.

आदिलाबादच्या एका कचेरीच्या व्हरांड्यात दादाजी नावाचा एक माणूस वेतानं खुर्च्या विणत बसायचा. जन्मापासून आंधळा. लहानपणी नागपूरच्या अंधशाळेत तो शिकला होता. मास्तर पगाराच्या कामानं तिथे जायचे तेव्हा बाकावर बसायचे. एकदा त्यांनी बसण्याआधी हातानं बाक चाचपला, तो आवाज ऐकून दादाजीनं विचारलं होतं, "तुमी बी का, मास्तर?" मास्तर तेव्हा उत्तर न देता उठून गेले होते. आता ते रेणुकाबाईंना घेऊन मुद्दाम त्याच्याकडेच गेले.

दादाजीनं हातातलं काम न थांबवता सगळं ऐकलं. मग सांगितलं, की मास्तरांना तीन वस्तू लागतील. ठिपक्यांची लिपी लिहायची ब्रेल पाटी, टेपरेकॉर्डर आणि पांढरी काठी. पुस्तक बाईंनी एकदाच नीट टेपात वाचून ठेवायचं, मास्तरांनी ते ऐकत ऐकत ठिपक्यांत उतरवायचं, की आयुष्यभराचं पुस्तक तयार. वस्तू कुठून मिळतील तेही त्याला ठाऊक होतं. सरकारी शिबिरात मिळतात. गरिबाला फुकट, पगारवाल्याला निम्म्या किमतीत, पण त्याला डॉक्टरांचा टक्केवारीचा दाखला आणि पगाराचा दाखला लागतो. शहरातल्या व्यापारी मंडळींचा एक क्लब आहे, ते फुकट देतात, पण स्टेजवर बोलावून, फोटो काढून, पेपरात छापून. आणि तिसरं म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातून उचल. तिथे दरखास्तीत, म्हणजे अर्जात, कारण लिहावं लागतं.

"कोन्या बी दारातून जा," दादाजी म्हणाला, "आदी कागदावर आंधळं व्हा लागते. त्याशिवाय कोनी काठी बी देत नाही."

मास्तरांनी विचारलं, की गुपचूप काही होण्यासारखं नाही का. बाजारातून टेपरेकॉर्डर तर कोणीही विकत घेतो. दादाजी म्हणाला, टेप घ्याल हो, पण वर्गात ठिपक्यांचं पुस्तक काढून बोटांनी वाचायला लागाल तेव्हा ते कोणापासून लपवणार? ते खरंच होतं. वस्तू वापरायची म्हणजे चारचौघांत वापरायची.

जायला उठले तेव्हा रेणुकाबाई पहिल्यांदा बोलल्या. "दवाखाना कोनीकडं हाय, दादाजी?"

दवाखान्यात दाखल्यासाठी दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मास्तरांच्या डोळ्यांसमोर बोटं धरली, मग बॅटरी धरली. कारकून तेलुगूत काहीतरी पुटपुटत लिहीत होता. किती लिहिलं, असं मास्तरांनी विचारलं. तो हिंदीत म्हणाला, सौ टक्का. आयुष्यभर मुलांना मार्क देणाऱ्या मास्तरांनी तो आकडा ऐकून मान हलवली आणि कागद खिशात ठेवला. बाहेर आल्यावर मात्र ते पहिल्याच पायरीशी थांबले. रेणुकाबाईंनी त्यांना तिथेच पायरीवर बसवलं आणि शेजारी बसून राहिल्या.

आता पगाराचा दाखला राहिला. तो शाळेचे हेडमास्तर सुधाकरराव देणार होते. दोघं वीस वर्षं एकाच शाळेत होते, पण सुधाकरराव नियमाचे पक्के. दाखला कशासाठी पाहिजे ते मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं आणि थांबले.

सुधाकररावांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "भगवंतराव, मले दोन वर्सांपासून मालूम हाय. वहीतल्या सहीत रेघ वळते ती तुमची नाही. पन मी विचारलं नाही. विचारलं असतं त मले वर लिहा लागलं असतं."

"आता?" मास्तर म्हणाले.

"आता तुमी मले कागद मागून राह्यले. मी देईन. पन मंग मले वरचा बी कागद लिहा लागते. उद्यापर्यंत विचार करा. नको म्हनलं, त आपलं बोलनं झालंच नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले आणि दाखला द्या म्हणाले. सुधाकररावांनी दोन कागद लिहिले. एक पगाराचा दाखला. दुसरा शिक्षण खात्याला, की या शाळेतल्या एका शिक्षकाची दृष्टी पूर्ण गेली आहे. सही करण्याआधी त्यांनी दोन्ही मास्तरांना मोठ्यानं वाचून दाखवले. दुसऱ्या कागदात शेवटी त्यांनी एक ओळ घातली होती, की आजवर या वर्गाचा निकाल कधीही कमी लागलेला नाही. ती त्यांनी दोनदा वाचली.

शिबिर माघात झालं. निम्मी किंमत भरून मास्तरांनी तिन्ही वस्तू घेतल्या. त्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं, की चौकशी पुरी होईपर्यंत वर्गावर जाऊ नये.

चौकशी दोन वर्षं चालली. आधी अर्ध्या पगाराची रजा संपली, मग बिनपगारी सुरू झाली. रेणुकाबाईंनी घरामागे वांगी, मिरच्या, कोथिंबीर लावली आणि दर आठवड्याला तलमडुगूच्या बाजारात टोपली घेऊन बसू लागल्या. गावात लोक आता मास्तरांना वाट सोडून देत, आणि त्यांना नेमकं तेच सहन होत नसे. काही दिवस ते घराबाहेरच पडले नाहीत. आपण गप्प बसलो असतो तर आज वर्गात असतो, असं ते एकदा म्हणाले. रेणुकाबाईंनी टोपली भरता भरता विचारलं, "आन् पोरं?" दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन एकटेच बसथांब्यावर गेले.

महिन्यातून चार दिवस ते आदिलाबादला जाऊन दादाजीशेजारी व्हरांड्यात बसायचे. जाड कागदावर टोकदार सळईनं ठिपके टोचायचे, कागद उलटा करून बोटांनी वाचायचा. शेहेचाळिसाव्या वर्षी बोटं शिकत नव्हती. पहिले तीन-चार महिने त्यांना सगळे ठिपके सारखेच लागत. वेत कापल्यानं दादाजीची बोटं घट्ट्यांनी भरलेली होती, तरी तो मास्तरांची चूक एका झटक्यात पकडायचा आणि "पुन्ना" एवढंच म्हणायचा. मास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांना हजारदा म्हटलेला तो शब्द होता.

इकडे रेणुकाबाईंनी चौथीचं पूर्ण पुस्तक टेपात वाचलं. कोंबडं आरवलं, गाडी गेली, शेजारच्या राहीबाई दारातून डोकावून बोलल्या, सगळं त्यात आलं. मास्तर ते ऐकायचे आणि ओळीमागून ओळ टोचायचे. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पुस्तक पुरं झालं. फडक्यात बांधलं तर चांगलं हातभर जाड झालं.

मिसल, म्हणजे चौकशीची फाईल, मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरतच होती. कोणी लिहिलं, सेवामुक्त करावं. कोणी लिहिलं, डॉक्टरांचं मत पुन्हा घ्यावं. शेवटची सही कोणाची, हेच ठरत नव्हतं. आणि त्या दिरंगाईनंच मास्तरांना वाचवलं. १९९६ च्या सुरुवातीला अपंगांसाठीचा नवा कायदा लागू झाला. दादाजीनं रेडिओवर ऐकलं आणि मास्तर आले तसं त्यांच्या हातावर हात ठेवून सांगितलं, की नोकरीत असताना डोळे गेले तर आता माणसाला काढून टाकता येत नाही. घरी येताच मास्तरांनी अर्ज सांगितला, रेणुकाबाईंनी लिहिला.

बोलावणं आलं ते मे महिन्यात. वरचे साहेब तेलुगू होते, मराठी थोडं समजत असे. त्यांनी मिसल चाळली आणि हिंदीत विचारलं, की तुम्ही मुलांना शिकवणार कसं. मास्तरांनी फडकं सोडलं, मधूनच एक पान काढलं आणि बोटं ठेवून वाचायला लागले. सावकाश वाचत होते, कुठे कुठे अडत होते, पण सोडत काही नव्हते. साहेबांनी त्यांना पान संपेपर्यंत वाचू दिलं. मग म्हणाले, की जुन्या गावी आता दुसरे शिक्षक आहेत, ती जागा देता येणार नाही. नार्नूर भागात एक जागा आहे, लांब आहे, जाणार का? दोन वर्षांच्या पगाराबद्दल मात्र आपण काही करू शकत नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मास्तर हो म्हणाले. बाहेर सुधाकरराव उभे होते. तेव्हा ते निवृत्त झाले होते, तरी सकाळच्या बसनं मुद्दाम आले होते. त्यांनी विचारलं, काय झालं. मास्तरांनी सांगितलं. सुधाकररावांनी त्यांचा दंड धरला आणि दोघं बसस्टँडपर्यंत चालत गेले.

ज्या एक्केचाळीस मुलांसाठी हे सगळं केलं, ती मुलं तोवर चौथीतून केव्हाच पुढे गेली होती. काही सातवीत, काही शेतावर. मास्तरांना ती परत शिकवायला मिळाली नाहीत. हे दुःख ते पुढे कधी बोलून दाखवत नसत, पण रेणुकाबाईंना ते माहीत होतं.

जूनमध्ये नार्नूरकडच्या शाळेत पहिल्या दिवशी ते काठी टेकत वर्गात गेले. मुलं उठून उभी राहिल्याचा आवाज झाला. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "पोरंहो, मले दिसत नाही. काई राहून गेलं, चुकलं, त लगेच सांगा. घाबरू नका."

वर्गात कुजबुज झाली. मागून कोणीतरी विचारलं, "मंग आमी कोन हाय ते तुमाले कसं कळन?"

"एकेक जन नाव सांगा," मास्तर म्हणाले, "सावकाश. मी लिहून घेऊन राह्यलो."

त्यांनी पाटीत कागद अडकवला, सळई हातात घेतली आणि पहिल्या रांगेकडे कान दिला.