धूर खाणारं कडं

गाड्यांच्या तळावर त्या सकाळी इतकी माणसं जमली होती, की पाठीमागच्यांना नुसता धूर दिसत होता आणि तेवढ्यावरही ती खूश होती. पुढचे लोक मागच्यांना सांगत, मागचे आणखी मागच्यांना, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर धुराचा रंगही बदलत असे.

मधोमध माझ्या दिराची मोटार उभी होती, बॉनेट उघडं टाकून. शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ. लोक त्यांना धूरबाबा म्हणत. त्यांच्या बाहीवर ग्रीसचा एक ठिपकाही नव्हता, हेच मला आधी खटकलं. ज्याचं इंजिनाशी एवढं सख्य, त्याच्या नखांत थोडं तरी काळं नको? आमच्या ह्यांचं गॅरेज होतं, मी तिथे सुट्या भागांची खिडकी सांभाळत असे. नखं कशी असतात, ते मला ठाऊक होतं.

"डिझेल म्हणजे काय?" बाबांनी विचारलं. "जमिनीच्या पोटातला राग. आणि रागावलेला माणूस काय करतो?"

"ओरडतो," कुणीतरी म्हणालं.

"धूर सोडतो," बाबांनी दुरुस्ती केली. "गाडी, तुझा राग दाखव."

चालकाच्या जागी त्यांचा शिष्य बसला होता, चपला बाहेर काढून. इंजिन गुरगुरलं, पाठीमागून काळा लोट निघाला आणि धुराच्या नळीपुढे धरलेला पांढरा रुमाल तव्याच्या बुडासारखा झाला. मग बाबांनी प्रयोगापुरतं काढून ठेवलेलं दिराचंच तांब्याचं कडं डिझेलच्या नळीवर परत चढवलं, डोळे मिटले, पुटपुटले आणि म्हणाले, "आता शांत हो."

इंजिनाचा आवाज हळूहळू चढत गेला. दुसरा रुमाल धुराच्या नळीपुढून परत आला, तो नुकता धुतल्यासारखा. गर्दीने सुस्कारा सोडला.

"सांग," बाबा माझ्या दिराला म्हणाले, "तीन महिन्यांचा तुझा अनुभव सांग."

दीर पुढे झाला. त्याचं घर त्या गाडीवर चालायचं. त्याने कडं बसवलं तेव्हा बाबांनी इंजिनात तेल ओतायच्या झाकणावर लाखेची मोहोर लावून दिली होती. वर्षभर ऑइल बदलायचं नाही, नाहीतर पुण्याई ऑइलबरोबर गटारात जाईल. ऑइल किती आहे ते बघायची पट्टीसुद्धा उपसायची नाही, तो अविश्वास झाला. आणि गेले तीन आठवडे गाडीतून एक बारीक शिट्टी ऐकू येत होती.

"कृपेचा नाद," बाबा म्हणाले.

"इंजिनाला हवा देणारा टर्बो कण्हतोय तो," ह्यांनी पहिल्याच दिवशी घरी सांगितलं होतं. त्यावरून दोघा भावांची अशी जुंपली, की बोलणंच बंद झालं. पुढच्या सोमवारपासून दिराला डोंगरापलीकडच्या रुग्णालयातल्या परिचारिकांची रोज ने-आण करायची होती. वर्षभराचं काम. चढावर इंजिन बसलं, तर काम गेलं आणि गाडीही गेली. ह्यांना रात्री झोप लागत नव्हती, पण मोहोर दिराची, गाडी दिराची. हे गर्दीच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते.

माझी जाऊ माझ्या शेजारी, मोटारीच्या उघड्या दाराशी होती. ती दोन महिने नवऱ्याकडून गाडी शिकत होती आणि रोज एकच बोलणं खात होती, 'अगं, पाय आहे की मुसळ? हळू दाब.' त्यामुळे तिची नजर आपोआप पायांकडे जाई.

बाबांनी दुसऱ्या फेरीसाठी कडं काढलं. जावेने मला कोपराने ढोसलं.

"ताई, त्याचा पाय बघा."

मी बघितला. 'राग दाखव' म्हटल्यावर शिष्याने पाय आपटला, झुरळ मारावं तसा. कडं चढल्यावर तोच पाय हळूच उतरला, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा.

"महाराज," जाऊ मोठ्याने म्हणाली, "गाडी आमचीच आहे. एकदा मी बसू का?"

"बाई, हे साधनेचं काम आहे."

"पाय दाबायचंच ना? तेवढी साधना झालीय माझी."

लोक हसले. दीर ओशाळला. "अगं, चारचौघांत काय हे?"

"अहो, तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली आणि शिष्याला उठवून आत बसली. कडं तिने मला नळीवरून काढून घ्यायला लावलं. मी ते घेऊन पार चहावाल्याच्या टपरीपर्यंत गेले, म्हणजे कुणाला शंका नको. तिने पाय हळूहळू दाबला. रुमाल पांढरा.

मग मी परत आले, कडं डिझेलच्या नळीवर चढवलं. जावेने पाय आपटला. रुमाल काळाकुट्ट.

"बाईंच्या मनात अविश्वास होता," बाबा म्हणाले.

"मग मघाशी पांढरा कसा राहिला?" जावेने विचारलं. "अविश्वास तेव्हाही होता, आणि कडं तर टपरीवर होतं."

आता हे पुढे आले. "बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने टर्बोचं चाक फिरतं," ते म्हणाले, "आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं. पाय आपटला की डिझेल लगेच येतं, पण चाकाला वेग घ्यायला क्षणभर लागतो. चुलीत लाकडं एकदम कोंबली आणि फुंकणी मागाहून आली तर काय होईल? धूरच होणार. हळू दाबलं की दोन्ही बरोबर येतात. कड्याचा काही संबंध नाही."

गर्दीत चुळबुळ सुरू झाली. आपापली कडी आठवून बरेच जण आपल्या गाड्यांकडे बघू लागले.

"आणि शिट्टी?" दीर म्हणाला. तीन आठवड्यांत भावाशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द.

"सांगतो. गाडी बंद कर. लगेच नको, मिनिटभर तशीच चालू दे. ते चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. एकदम बंद केलंस तर चाक फिरत राहतं आणि ऑइल थांबतं."

मिनिट झालं, जावेने गाडी बंद केली. दिराने स्वतःच्या हाताने मोहोर फोडली आणि पट्टी उपसली. तिच्या टोकाला डांबरासारखं काहीतरी लागलं होतं, तेही जेमतेम. ह्यांनी हवेचा पाइप काढून चाकाचा दांडा दोन बोटांत धरला. तो हलणाऱ्या दातासारखा डुगडुगला. पात्यांच्या टोकांनी आतल्या भिंतीवर चरे पाडले होते; शिट्टी तीच.

"दोन चढ," हे म्हणाले, "फार तर तीन."

एव्हाना बाबा आपल्या व्हॅनमध्ये जाऊन बसले होते. शिष्य घाईत अनवाणीच धावला, चपला आमच्याकडेच राहिल्या. गडबडीत त्याने पाय असा आपटला, की अख्खा तळ काळ्या ढगात बुडाला. त्या व्हॅनला म्हणे तीन कडी होती.

टर्बो नवा बसवावा लागला. इंजिन वाचलं. ऑइल आणि फिल्टर बदलायला दोघे भाऊ एकाच गाडीखाली उताणे पडले होते, आणि मी वरून पाने देत होते. त्यात सोमवार हुकला. दिराने रुग्णालयात जाऊन जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. हसू झालं त्याचं, पण मंगळवारपासून काम मिळालं.

त्या संध्याकाळी तो गॅरेजच्या पायरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "वहिनी, धुराचं जाऊ दे. गाडी झिजत होती, तो आवाज मी तीन आठवडे ऐकला. आणि मला तो गोड वाटत होता."

आपली वस्तू, आपलं शरीर, आपलं पोर कण्हत असतं आणि कुणीतरी त्या कण्हण्याला कृपा म्हणतं. तेव्हा आपल्यालाही ते ऐकायला बरं वाटतं, कारण मग करण्यासारखं काही उरत नाही. आता माझे केस पिकले. इतक्या वर्षांत औषधी गुटीपासून गंड्यादोऱ्यापर्यंत अशी पुष्कळ कडी बघितली. तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, शिव्या देऊ नका. दोनच गोष्टी मागा. ती वस्तू बाजूला ठेवून एकदा करून दाखवा, आणि करणारा माणूस बदला. मग काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि जे दिसेल ते माना.