पर्जन्यमापकाचं छप्पर

लातूर जिल्हा नवा कोरा होता, आणि अहमदपूर तालुक्यातल्या हिंगणवाडीला त्यातून पहिली वस्तू मिळाली ती पर्जन्यमापक. ते नळकांडं शाळेच्या पटांगणात बसलं त्याच दिवशी सरपंच अमृतरावांनी चार बल्ल्या रोवून त्याच्यावर पत्रा ठोकला.

"अमृतराव, आता पाऊस आत पडायचा कसा?" शाळेतल्या पंचशीलाबाईंनी विचारलं. रोजची नोंदवही त्यांच्याकडं होती.

"मास्तरीणबाई, सरकारी माल हाय. भिजला तर जबाब कोन देनार? तुमी?"

वरून अमृतरावांना पत्र्यावर जिल्ह्याचं स्वागतही पाहिजे होतं. पेंटर अहमदपुरातून यायचा होता. त्याला नुसतं गिरवता यावं म्हणून बाईंनी शिडीवर चढून खडूनं अक्षरं काढली, खाली त्या दिवसाची तारीख टाकली: 'नव्या जिल्ह्याचे स्वागत. १ जून.' पेंटर आला नाही. पाऊस आला नाही. छप्पर काढा म्हणून बाईंनी तालुक्याला तीन अर्ज केले, त्यांचं उत्तरही आलं नाही. वहीत रोज एक शून्य तेवढं येत राहिलं.

ऑगस्ट संपता संपता तहसीलचे साहेब आले. गावाला रोजगार हमीचं काम द्यायचं की नाही, ते त्या वहीवर ठरणार होतं. अख्खं गाव पटांगणात बसून राहिलं होतं. साहेबांनी वही पाहिली, मग छप्पर पाहिलं, आणि वही मिटली.

"बाई, पर्जन्यमापक म्हणजे काय, ठाऊक आहे?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून बाई डी.एड. झाल्यापासून थांबल्या होत्या.

"हाव साहेब! पर्जन्य म्हणजे वेदातला पावसाचा देव. मापक आलं 'मा' धातूपासून. मा म्हणजे मोजणं. हवामान, तापमान, यातलं मान तिथलंच. हवा तेवढी अरबस्तानातून आली. आणि या भामाबाईच्या घरचं ज्वारीचं मापटं बी त्याच घराण्यातलं!"

"माजं मापटं?" भामाबाई पुढं सरकल्या. "ते कवाचं पालथं पडलंय, बाई. मोजायला ज्वारीच न्हाई."

साहेब हसले नाहीत. "मोजतं ते मापक, हे तुम्हीच सांगितलंत. या नळकांड्यानं काय मोजलं? काहीच नाही. मग तुमचं शून्य मी खरं कसं मानू? काम मंजूर होणार नाही."

बाईंच्या तोंडात तेच घोळत राहिलं. मोजतं ते मापक. नळकांड्याच्या वाटचा पाऊस पडला असता, तर पडला असता कशावर?

"शिडी!" बाई ओरडल्या. "लवकर शिडी आना!"

पदर खोचून त्या भराभरा चढल्या, आणि वरूनच टाळ्या वाजवायला लागल्या. "साहेब, वर या! बूट राहू द्या, तसेच या!"

साहेब चढले. पत्र्यावर 'स्वागत' होतं तसं होतं. '१ जून'नंतरचा पूर्णविरामसुद्धा जागेवर.

"खडू हाय, साहेब. एक सर आली असती तर जिल्हा धुऊन गेला असता!"

"हे कालच लिहिलं नसेल कशावरून?"

"अक्षरांवरची धूळ बघा. आन् चिमण्यांनी ठिकठिकाणी सह्या केल्यात, त्या काय एका दिवसाच्या हायत?"

साहेबांनी खात्रीसाठी बोट फिरवलं. 'स्वागत'चा काना बोटावर आला.

"ओ साहेब, पुसू नका!" खालून भामाबाई कडाडल्या. "आमचं काम हाय त्याच्यावर!"

शिडीवर उभ्या उभ्याच साहेबांनी मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं: 'मापक: पत्रा. पाऊस: शून्य. खरे.' खाली एवढा गलका झाला की चिमण्या उडाल्या.

साहेबांचा हुकूम झाला, छप्पर आजच काढा, आणि पत्रा पुरावा म्हणून लातूरला पाठवा. दुपारच्या एसटीच्या टपावर चौघांनी तो लेकरासारखा अलगद चढवला. एवढ्यात अमृतराव घरची ताडपत्री घेऊन धावत आले.

"झाका, झाका! वाटंत पावसानं भिजला म्हंजे?"

पंचशीलाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.