उन्हानं खाल्लेलं कापड

सोव्हिएत संघ कोसळला, पण सोव्हिएत पॅराशूटचं कापड कधी कोसळणार नाही, असं काराकोल गावातली साठी उलटलेली माणसं छातीवर हात ठेवून सांगतात. केंजेबेक मास्तर गेल्या जूनमध्ये त्याच कापडातून खाली कोसळले. उंची दीड हात. दोन फासळ्यांना चीर गेली.

आता ऑक्टोबर उजाडला होता आणि मास्तर बाजारात, कापडाच्या ओळीत, आपल्या वर्गमित्राच्या म्हणजे ओमुरकुलच्या शेजारी उभे राहून झाडांना टांगायच्या नव्या झोळीसाठी कापड बघत होते.

"मी चौऱ्याण्णववर आलोय," ते दुकानदारणीला म्हणाले. "एकशेदहा किलोच्या हिशेबानं काही काढू नका. चौऱ्याण्णवला पुरेल असं दाखवा."

"मी कापड विकते, मास्तर. वजनकाटा तिकडे, बटाट्यांच्या ओळीत," बुरुलकान म्हणाली. ती सत्तरीची. अख्खा बाजार तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणायचा, आणि थोरल्या बहिणीनं घ्यावे तेवढे सगळे हक्क ती घ्यायची.

 ओमुरकुल कापडांकडे बघत होता, कारण मास्तरांकडे बघणं त्याला जमत नव्हतं. मास्तरांचा कोट आता त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

ओमुरकुलचं दुकान याच बाजाराच्या कोपऱ्यावर, एका जुन्या मालवाहू लोखंडी डब्यात. तीस वर्षं तो तिथे जाकिटांच्या चेन बदलतो, तंबूंना ठिगळं लावतो, डोंगरात जाणाऱ्यांच्या पाठपिशव्या शिवतो. कापडाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. बाकी कुठल्याच बाबतीत त्याचा शब्द कुणी विचारत नाही, त्यामुळे एवढा एक तो फार जपतो.

त्यांच्या वर्गातली सातजणं दर जूनला आराशानच्या दरीत एक मुक्काम करतात. चाळीस वर्षं हे चाललंय. मास्तरांचे गुडघे गेल्यापासून त्यांना तंबूतून बाहेर यायचं म्हणजे अस्वलासारखं रांगत यावं लागे, आणि तसे आले की दंतवैद्य झामीरबेक दरवर्षी तोच विनोद करे. म्हणून मास्तरांच्या साठीला ओमुरकुलनं आपल्या हातानं झोळी शिवून दिली. दोन झाडांना बांधायची, आत आडवं व्हायचं, सकाळी पाय खाली सोडले की उभे. मेजवानीत सगळ्यांसमोर त्यानं ती उलगडली आणि म्हणाला, "पॅराशूटचं कापड आहे. आपण जाऊ, हे जाणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये दरीतल्या दोन देवदारांना ती बांधली. मास्तर आत बसले, पाय वर घेतले, "वा" म्हणाले, आणि कागद फाटावा तसा आवाज आला.

त्या दिवशी कापडाकडे कुणीच बघितलं नाही. सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. झामीरबेक म्हणाला, "झाडं वाचली, हे नशीब." आणि मास्तर दगडावर पडल्या पडल्या, कूस धरून ओमुरकुलला म्हणाले, "माफ कर, दोस्त. तुझी सगळी मेहनत मी वाया घालवली."

ओमुरकुलनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. तो म्हणाला, "असू दे, होतं असं."

त्याचं काय होतं, तर बत्तीस वर्षांपूर्वी त्यानं एका शिपायाकडून अख्खं पॅराशूट घेतलं होतं. अर्धं त्यानं पेटीत घडी घालून ठेवलं. अर्धं घराच्या अंगणात मांडवावर ताणलं, त्याखाली त्याची बायको जर्दाळू वाळवायची. बारा उन्हाळे ते कापड सरोवराकाठच्या उन्हात तापलं. नायलॉनला पाणी चालतं, बर्फ चालतो, उंदीरसुद्धा चालतो. ऊन चालत नाही. हे काराकोलमध्ये ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्यानंच मास्तरांसाठी मांडवावरचा तुकडा कापला. कापताना कात्री फारच सहज चालली. त्याला ते ऐकूही आलं. पण पेटीतलं कापड कोरं होतं, आणि कोरं कापड तो कशासाठी तरी ठेवत होता. कशासाठी, ते त्याला आजही सांगता आलं नसतं.

मास्तरांनी मात्र फासळ्या जुळायच्या आत पथ्य सुरू केलं. सप्टेंबरात एका मित्राच्या नातवाची मेजवानी होती. मेंढीचं कुठलं हाड कुणापुढे येतं त्यावर त्या बैठकीतला मान ठरतो. मास्तर सगळ्यांत वडील, म्हणून कमरेचं हाड त्यांच्यापुढे आलं. त्यांनी ते शेजारच्याकडे सरकवलं. शेजारचा दोन वर्षांनी लहान. भलत्याच्या खुर्चीत बसवल्यासारखा तो अवघडला.  उरलेलं मांस पिशवीत बांधून घरी न्यायचं असतं, मास्तरांनी पिशवीही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको अनारकान ओमुरकुलच्या डब्यात येऊन बसली.

"ओमुरकुल-आके," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "तुम्ही तरी सांगा त्यांना. पहाटे उठून काट्यावर उभे राहतात. गाजर खातात."

"गाजर चांगलं असतं."

"घोड्याला. शाळेत पोरं पॅराशूटवाले मास्तर म्हणतात, ते हसून ऐकून घेतात. आणि मला म्हणतात, ओमुरकुलच्या कापडातून जो माणूस खाली पडतो, त्यानं खायला लाज धरावी."

त्यानंतर पंधरा दिवस ओमुरकुलच्या घशाखालीही घास नीट उतरला नाही. पण त्याचं वजन काही कमी झालं नाही.

आता बुरुलकाननं एक निळा तागा फळीवर आपटला. "हे घ्या. तंबूचं. आतून लेप आहे, थेंब आत येणार नाही."

"घामाचा थेंब बाहेरही जाणार नाही," ओमुरकुल म्हणाला. "सकाळी उकडलेला माणूस निघेल."

"मग हे जाड सुती."

"एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही. आणि उचलायला गाढव लागेल."

"गाढवाला विचारते मी, कुणाबरोबर यायचंय," एजे म्हणाली आणि तिसरा तागा काढला. बारीक चौकटी विणलेलं हिरवं नायलॉन. ओमुरकुलनं ते तिरकं ओढून बघितलं, तोंडाला लावून फुंकलं, सुई खुपसून धागा सरकतो का पाहिलं. सरकत नव्हता. कापड चांगलं होतं. तरी तो म्हणाला, "पातळ आहे." पेटीतल्या कापडापुढे ते पातळच होतं, आणि पेटी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मास्तर वैतागले नाहीत. त्यांनी खिशातून एक पांढरट तुकडा काढला. "एजे, हे बघा. फाटलेल्या झोळीचं आहे. मी जपून ठेवलंय. असलं कुठे मिळेल का? कापड उत्तम होतं, दोष माझा होता."

बुरुलकाननं तुकडा दोन बोटांत धरला, चोळला आणि न बघता टर्रकन फाडला. मग फाटलेली कड उजेडात धरली.

"हे उन्हानं खाल्लंय."

"ओमुरकुलनं दिलंय ते," मास्तर म्हणाले.

"ओमुरकुलनं दिलं तरी ऊन ते ऊनच." एवढं बोलून तिनं ओमुरकुलच्या तोंडाकडे बघितलं. तीस वर्षांचा शेजार होता; तिला वाचायला वेळ लागला नाही. ती आवाज उतरवून म्हणाली, "जुन्या कापडाचं असंच असतं, मास्तर. वरून कळत नाही. यालाही नसेल कळलं."

"याला कसं कळणार," मास्तर लगेच म्हणाले. "मीही तेच म्हणतोय. याचा काय दोष?"

वाट मोकळी होती. ओमुरकुलनं नुसतं "हं" म्हटलं असतं तरी ती पार घरापर्यंत गेली असती. मास्तर त्याची बाजू घेऊन कोट सावरत उभे होते, आणि कोटाचं शेवटचं बटण त्यांच्या बायकोनं चार बोटं आत सरकवलेलं दिसत होतं.

"कळलं होतं," ओमुरकुल म्हणाला.

एजेनं तागा गुंडाळायला घेतला आणि अर्ध्यावर थांबली.

"काय कळलं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"मांडवावरचं होतं ते. जर्दाळूंच्या. कापतानाच कळलं होतं मला. अर्धं चांगलं कापड पेटीत आहे अजून. ते माझ्या हातून निघालं नाही."

मास्तर भूगोल शिकवतात. कुठलीही गोष्ट ते आधी जागच्या जागी नीट मांडून बघतात. तसं त्यांनी हेही मांडून बघितलं.

"म्हणजे मी जाड नव्हतो."

"जाड होतास. पण ते कापड फाटायला तेवढं जाड असायची गरज नव्हती. माझी नात बसली असती तरी फाटलं असतं."

"तुझी नात किती वर्षांची?"

"सहा."

मास्तरांनी मान हलवली. एखाद्या पोरानं चुकीचं पण प्रामाणिक उत्तर दिल्यावर हलवतात तशी.

"पेटीतलं काढून शिवतो," ओमुरकुल घाईघाईनं म्हणाला. "आजच. दुहेरी शिवण घालतो."

"ते राहू दे तुझ्याकडे," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "एवढी वर्षं सांभाळलंस, आता कशाला मोडतोस." मग ते फळीकडे वळले, हिरवं नायलॉन हातात घेतलं, जमेल तसं तिरकं ओढलं आणि तोंडाला लावून फुंकलं. फुंकर कशासाठी घालायची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. "एजे, हे द्या. एकशेदहाच्या हिशेबानं द्या. दुहेरी."

कापड कापताना कात्री अडखळत, कुरकुरत गेली. ओमुरकुलनं तो आवाज शेवटपर्यंत ऐकला.

पैसे मास्तरांनी दिले, ओमुरकुलला खिशाला हात लावू दिला नाही. कापडाचा गठ्ठा मात्र त्याच्या काखेत दिला. शिवायचं त्यालाच होतं, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीत आश्ल्यान्फू खायची दुकानं आहेत. मास्तर थेट तिकडे चालू लागले. चार महिने ते त्या गल्लीतून जात नव्हते, वळसा घालून शाळेत जायचे. बाकावर बसून त्यांनी थंड, आंबट, तिखट शेवयांच्या दोन वाट्या मागवल्या, वर बटाट्याच्या चार तळलेल्या पुऱ्या.

"मला नको," ओमुरकुल म्हणाला.

"तुला कोण देतंय? दोन्ही माझ्या आहेत. तू समोर बसायचं आणि बघायचं."

ओमुरकुल गठ्ठा मांडीवर घेऊन बघत बसला. मास्तरांनी पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसरा घेतला. एक पुरी संपवली. अर्धी वाटी झाली आणि त्यांचा चमचा थांबला. त्यांनी पट्टा एक भोक सैल केला, जरा थांबले, पुन्हा चमचा उचलला, आणि ठेवला.

"जात नाही रे," ते म्हणाले. "पोट आकसलंय."

 मग मास्तरांनी दुसरी वाटी समोर सरकवली.

ती ओमुरकुलला खावी लागली. उरलेल्या तीन पुऱ्याही.