मायलो कुचेराची फेकाफेकी

मायलो कुचेराच्या मते पास फेकणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. बॉल हातात आलाय ना, मग पोटाशी धरा, डोकं खाली घाला आणि समोरच्यांच्या गर्दीत घुसा. एवढंच त्याचं अमेरिकन फुटबॉलचं शास्त्र, आणि लिंडालच्या शाळेचा कोच म्हणून पोरांच्या दोन पिढ्या त्याने याच शास्त्रावर पोसल्या होत्या. गावालाही तेच पसंत होतं. कष्टाच्या गोष्टी जमिनीवरून होतात, हवेतून नाही, असं मानणारं गाव ते. मैदानाभोवती पिकअप गाड्या लावून बसलेले म्हातारे, एखाद्या पोराने चुकून बॉल फेकलाच तर, आपल्याच खिशातलं काही कुणी भिरकावल्यासारखे हळहळायचे.

आता या शास्त्रात एकच खोट होती, आणि ती खोट मायलोचा साडू होती. ड्वेन पोकॉर्नी शेजारच्या मॅपल क्रीकचा कोच. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, मायलोची व्हर्ला आणि ड्वेनची अर्लिस. इतर गावांच्या कोचना मायलोची पोरं अडवताना घाम फुटायचा, पण मायलो काय करणार हे ड्वेनला मायलोच्या आधी कळायचं. फार काही करायचा नाही तो. लहान गावांचा आठ-आठ जणांचा खेळ, त्यातली आपली आठच्या आठ पोरं पुढे आणून भिंतीसारखी उभी करायचा, की मायलोचा फुलबॅक, म्हणजे बॉल घेऊन घुसणारा गडी, जाऊन त्या भिंतीवर आपटायचा. मायलोने ड्वेनला कधीच हरवलं नव्हतं. एकदाही नाही. वर नोव्हेंबरात दोन्ही घरं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला एकत्र जमली की हरलेल्या कोचने एप्रन बांधून सगळ्यांना वाढायचं, असला अगोचर रिवाज सासऱ्याने पाडून ठेवलेला. मायलोच्या अंगाला तो एप्रन आता चांगला बसायला लागला होता.

आणि यंदाचं वर्ष शेवटचं. गावात पोरंच उरली नव्हती, म्हणून पुढच्या वर्षीपासून लिंडालची शाळा मॅपल क्रीकच्या शाळेत मिसळायची असं बोर्डाने ठरवलं होतं. शाळा एक, संघ एक, कोच एक, आणि तो कोच ड्वेन. मायलो वरवर म्हणायचा की बरं झालं, गुडघे दुखतात, आता मासे पकडीन. पण आतून त्याला एकच गोष्ट हवी होती. या शुक्रवारी, शेवटच्या सामन्यात, एकदा, फक्त एकदा, साडूची जिरवायची.

बरेच दिवस डोकं खाजवल्यावर त्याला युक्ती सुचली. ड्वेनची भिंत पुढे उभी राहते, कारण मायलो धावणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण मायलो पास फेकणार अशी भीती त्याच्या मनात बसली तर? मग पोरांना मागे, लांब लांब उभं करावं लागेल, मधली जागा मोकळी पडेल, आणि त्या मोकळ्या जागेतून आपला लाइल झाब्का, ज्याला बघून गावातली वासरंसुद्धा वाट देतात, तो आरामात निघून जाईल. फेकायचं काहीच नाही. फेकणार आहोत एवढंच ड्वेनच्या कानावर घालायचं.

आणि ड्वेनच्या कानावर घालण्याचा रस्ता मायलोच्या स्वयंपाकघरातूनच जात होता. व्हर्लाच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. सकाळची भांडी झाली की ती अर्लिसला फोन लावायची. लिंडालमध्ये सकाळी कुणाच्या गाईला वासरू झालं तर दुपारपर्यंत मॅपल क्रीकमध्ये त्याचं नाव ठरलेलं असायचं. म्हणून तर मायलो लग्नापासून तिला कामाचं काही सांगत नसे.

रविवारी जेवताना त्याने डुकराचं मांस, आंबवलेला कोबी आणि डंपलिंग यांच्यामध्ये आवाज खाली आणून तिला सांगितलं, की शुक्रवारी पहिल्या मिनिटापासून पास फेकायचे, धावणं पूर्ण बंद. आणि वर म्हणाला, ‘‘हे कुणापाशी बोलू नकोस हं.’’ व्हर्लाच्या हातातला काटा तसाच थांबला. मायलोने मनात म्हटलं, लागला सुरुंग.

सोंग अपुरं पडू नये म्हणून त्याने सोमवारी कोडी ब्राबेकला घरी बोलावलं. कोडी त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकायचं काम खरं तर त्याचं, पण आजवर त्याने बॉल नुसता लाइलच्या पोटात कोंबला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दोघांनी फेकाफेकी केली. कोडीचा पास म्हणजे छपरावरून हाकललेली कोंबडी. एक बॉल वाळत घातलेल्या चादरीत गेला, एक शेजारच्या कुत्र्याने पळवला. व्हर्ला खिडकीतून सगळं बघत होती. मग दोन दिवस शाळेच्या मैदानावरही पोरांकडून पासचा सराव झाला, नाहीतर गोष्ट खोटी वाटली असती. गुरुवारी मात्र मायलोने पोरांना जवळ घेऊन सांगून टाकलं, की हे सगळं नाटक होतं, उद्या नेहमीसारखं धावायचं. पोरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सगळ्यात मोठा कोडीने.

लिंडालच्या मैदानावर दिवे नव्हते, म्हणून सामना दुपारी सुरू झाला. मक्याची काढणी अर्धवट टाकून माणसं आलेली. पहिला डाव मायलोचा. कोडीने बॉल लाइलच्या पोटात दिला, लाइल डोकं खाली घालून घुसला आणि भिंतीवर आपटला. परत दिला, परत आपटला. मॅपल क्रीकची आठच्या आठ पोरं पुढे, नाकाला नाक लावून उभी. एकही मागे नाही. पलीकडे ड्वेन निवांत सूर्यफुलाच्या बिया चघळत होता.

मायलोला काही सुधरेना. बातमी पोचली नाही? व्हर्लाकडून? कसं शक्य आहे? त्याने वळून बाकांकडे पाहिलं. व्हर्ला मांडीवर गोधडी घेऊन बसली होती. नवरा आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. तिने दोन बोटं ओठांवर ठेवली, कुलपात किल्ली फिरवावी तशी फिरवली, आणि ती न दिसणारी किल्ली पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

ही बाई जन्मात पहिल्यांदा गप्प बसली होती, आणि तेही नेमकी या आठवड्यात. जिच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं, तिने नेमकं माझ्या मुळावर येईल असं झाकण लावावं, असं त्याच्या मनात आलं आणि तो चरफडला. मध्यंतरापर्यंत मॅपल क्रीकच्या नावावर दोन टचडाउन लागले होते, बॉल दोनदा शेवटच्या रेघेपार. सहा-सहा गुण आणि वरचे जादा मिळून चौदा. लिंडालचा भोपळा.

मध्यंतरात तो कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिला. पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तो कोडीला म्हणाला, ‘‘फेक.’’

‘‘कोच, ते नाटक होतं ना?’’

‘‘नाटकच होतं. आता तेच खरं करायचं. दुसरं माझ्याकडे काही शिल्लक नाही.’’

कोडीचा पहिला पास थेट शाळेच्या बँडमध्ये गेला आणि ढोलावर वाजला. पिकअपमधल्या म्हाताऱ्यांनी हॉर्न वाजवून निषेध नोंदवला. एकाने तर खिडकीतून मुंडी काढून मायलोची अक्कल काढली. दुसरा पास डेल व्राना या ताडमाड पोराकडे गेला. डेलच्या आसपास चिटपाखरू नव्हतं, सगळे भिंतीत उभे होते. आपल्याकडे खरंच बॉल येतोय याचंच त्याला इतकं नवल वाटलं, की बॉल छातीवर आपटून खाली पडला. तिसरा मात्र त्याने मिठी मारून धरला आणि एकटाच चालत गेल्यासारखा जाऊन टचडाउन करून आला. हे टाळ्या वाजवण्यासारखं आहे की नाही, हे कुणाला ठरवता येईना.

ड्वेनने बिया थुंकल्या. योगायोग समजून त्याने कुणाला हलवलं नाही. मग तोच प्रकार पुन्हा झाला. दुसरा टचडाउन, वरचा जादा गुण एकही नाही, तरी बारा गुण. आता पिकअपवाले हॉर्न वाजवत होते ते वेगळ्या सुरात, आणि अक्कल काढणारा म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता की मी तर कधीपासून म्हणत होतो. ड्वेनने एक पोरगा मागे नेला. मग दुसरा. तो हात हलवून ओरडत होता, मागे सरा, मागे सरा.

इथे मायलोची खरी परीक्षा होती. भिंतीतली एकेक वीट गळत होती आणि हाडाचा धावणारा माणूस तो, त्याचा जीव लाइलच्या हातात बॉल द्यायला तडफडत होता. लाइलही त्याच्या बाहीला धरून मागत होता, कोच, आता मी जाऊ? मायलो म्हणाला, अजून नाही. अजून एक पास. तो पडला. अजून एक. तो डेलने धरला. मध्ये अजून मॅपल क्रीकचा सगळ्यात दांडगा पोरगा उभा होता, आणि तो हलेपर्यंत मायलोला थांबायचं होतं. घड्याळ संपत आलं होतं. आणखी एक पास, आणि शेवटी तो दांडगाही मान वळवून डेलकडे बघत दोन पावलं मागे सरकला.

‘‘लाइल,’’ मायलो म्हणाला, ‘‘जा बाबा.’’

कोडी पाच पावलं मागे गेला, त्याने फेकण्यासाठी हात उचलला. मॅपल क्रीकची पोरं पाठ फिरवून मागे पळत सुटली. कोडीने हात खाली आणला आणि बॉल लाइलच्या पोटात ठेवला. समोर कुणीच नव्हतं. आयुष्यभर गर्दीत घुसायची सवय झालेल्या लाइलने तरी डोकं खालीच घातलं होतं आणि तो तसाच, जमिनीकडे बघत, अर्धं मैदान पळाला. शेवटची रेघ ओलांडली हेही त्याला कळलं नाही, कुंपणाला धडकून थांबला. अठरा चौदा. मग जो हॉर्नचा गदारोळ झाला, तो काढणी करणाऱ्यांना पार नदीपलीकडे ऐकू गेला म्हणतात.

हात मिळवताना ड्वेन कितीतरी वेळ मान हलवत होता. ‘‘आठवड्यात एकदाही मी पास अडवायचा सराव घेतला नाही रे,’’ तो म्हणाला. ‘‘अर्लिसने खोदून खोदून विचारलं. पण तुझी बायको रोज लोणच्यांवर बोलत होती. एक शब्द जरी तिच्या तोंडून निसटता ना, तर मी तुझा तो डेल बांधून ठेवला असता.’’

मायलोने मनातल्या मनात हिशेब मांडला. बातमी पोचली असती तर डेलला एकही पास धरता आला नसता, आणि ड्वेनसारखा बेरकी माणूस नुसत्या बातमीवर भिंत मोडून बसला असता असंही नाही. म्हणजे आपली युक्ती फसणारच होती. सामना जिंकला होता तो व्हर्लाने.

घरी जाताना पिकअपमध्ये ती एकसारखी बोलत होती. आठवडाभराचं साठलेलं होतं. मंगळवारी तर जिभेच्या टोकावर आलं, मग फोन तसाच ठेवून मी तळघरात गेले आणि बटाट्यांना सांगून आले, असं म्हणून ती हसली. मायलोही हसला. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘तू मला कधी काही सांगत नाहीस. का सांगत नाहीस ते मला माहितीये, मी काही खुळी नाही. पण यावेळी सांगितलंस. मग म्हटलं, जीव गेला तरी चालेल.’’

मायलोला गाडी कडेला घ्यावी लागली. समोर काढून झालेल्या मक्याची नुसती धाटं उभी होती. खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावरचं ते सुख मोडायची त्याची छाती होईना. अशी लाज त्याला कुठल्याही पराभवाने वाटली नव्हती.

‘‘व्हर्ला,’’ तो म्हणाला, ‘‘ते मासे पकडण्याचं वगैरे मी उगीच बोलतो. पुढच्या वर्षी शुक्रवार आला की मी काय करू, मला काही कळत नाही. मला भीती वाटते. झोप लागत नाही मला.’’ मग त्याने पुढे म्हटलं, ‘‘हे कुणाला सांगू नकोस.’’

‘‘अर्लिसलासुद्धा?’’

‘‘अर्लिसलासुद्धा.’’

व्हर्लाने त्याचा हात स्टिअरिंगवरून काढून आपल्या गोधडीखाली घेतला, आणि घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.