कोरं अंगण

खतवालीने दाताळं ढिगात खुपसलं आणि ओढलं. आतून वाफ आली. बाजारातल्या सडक्या भाज्या, अंड्यांची टरफलं, कारखान्याची राख, गटाराचा वाळलेला गाळ. लोकांनी नाक मुरडून टाकलेलं सगळं इथे येऊन काळंभोर, ऊबदार व्हायचं. खाणीने विष कालवलेल्या जमिनीला हेच औषध, असं मातीवाले साहेब म्हणायचे.

ते समोर उभे होते. हातात कागद, आवाज नेहमीसारखा मऊ. तीन वर्षं त्यांनी दोन अंगणं जोडीने जोखली होती. शेजारणीच्या अंगणात खत, खतवालीचं कोरं. दोन्हीकडे लावलेली पालकाची भाजी तीच. फरक दिसला, तर वस्तीतल्या चाळीस अंगणांना खत मिळणार होतं. कोणीतरी कोरं राहायलाच हवं, नाहीतर कळणार कसं, असं त्यांनी समजावलं होतं, आणि तिने मान डोलावली होती.

"फरकच नाही हो," साहेब म्हणाले. "तुमच्या पानांतलं शिसंही तेवढंच उतरलंय. म्हणजे खताला गुण नाही. उद्यापासून गाड्या बंद."

दाताळं तिच्या हातात तसंच राहिलं. बांधावर तिचा जेवणाचा डबा उन्हात चमकत होता. दुपारी रिकामा झालेला तो डबा संध्याकाळी घरी जाताना जड असायचा. नात घरच्या त्या कोऱ्या अंगणात रांगायची, मातीचे गोळे वळून तोंडात घालायची. डॉक्टरांनी पोरीच्या रक्तात शिसं सापडल्याचं सांगितलं, त्या दिवसापासून एकही डबा चुकला नव्हता.

तिने डब्याकडे बोट दाखवलं आणि रोज त्यातून घरी काय नेते ते सांगून टाकलं.

साहेब रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे गुण आहे तर. आता फक्त पुन्हा एक कोरं अंगण हवं. तुमचंच. दुसरं कोण कबूल होईल?"

"घरात पोर आहे, साहेब."

"तीनच वर्षं, बाई. नाहीतर चाळीस अंगणांचं खत गेलं. तिला आत ठेवा."

तिसऱ्या दिवशी गाडी आली. अंगणातली काळी माती हातभर खरवडून नेली आणि दारासमोर खाणीची ओतली. राखाडी, गार, जीव नसलेली. शेजारीण कुंपणाशी उभी होती.

"रोज विचारायचे मी, डब्यात काय गं," ती म्हणाली. "म्हणायचीस, उरलंसुरलं."

फावडं खतवालीच्याच हातात आलं. पसरायचं काम आजवर तिचंच होतं.

आवाज ऐकून नात उंबऱ्यात आली, हातात खेळातलं घमेलं घेऊन. शेजारी गाडी रिकामी झाली की ती दर वेळी एकच विचारायची, आपल्याकडे कधी.

"आजी, आपली पाळी आली?"

आजीने ढिगात फावडं रोवलं.

"आली गं," ती म्हणाली. "तू आत जा. दार लावून घे."